माझी सीट ५४, विमानाची १७

आमच्या शिवणकामात ‘सीट’ म्हणजे खुर्ची नव्हे. सलवार किंवा परकर बेतायचा असला की कंबरेखाली सगळ्यात रुंद जागी टेप फिरवायची आणि वहीत लिहायचं, सीट ३८, सीट ४२. गेली एकतीस वर्षं मी डोंबिवलीत बायकांची मापं घेते. माझी स्वतःची सीट ५४ आहे आणि वजन ११६ किलो. आकडे आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष तेच शोधण्यात जातं.

नोव्हेंबरात मी आणि माझी धाकटी जाऊ आसाम-मेघालयला जाऊन आलो. पाच दिवस, दोघीच. घरातल्या पुरुषांना सुट्टी नव्हती आणि आम्हीही फार आग्रह केला नाही.

निघायच्या आठवडाभर आधी एक उद्योग केला. ५४ हा झाला घेर. विमानाच्या खुर्चीत घेर उपयोगाचा नाही, तिथे आडवी रुंदी लागते. म्हणून मी फरशीवर ताठ बसले आणि जावेनं दोन्ही बाजूंना शिंप्याच्या खडूनं रेघा ओढल्या. मी उठल्यावर मोजलं, २१ इंच. पुतण्यानं फोनवर सांगितलं होतं की खुर्ची १७-१८ इंच असते. म्हणजे दोन्हीकडे दीड-दोन इंच शेजाऱ्याच्या हद्दीत. कपडा शिवताना आम्ही शिलाईसाठी माया सोडतो. विमानाच्या खुर्चीला कुणी माया सोडलेली नसते.

मग ठरवलं, मुंबईहून जाताना आणि शेवटी मुंबईला येताना माझ्यासाठी दोन खुर्च्या घ्यायच्या. बऱ्याच कंपन्या अशी जादा सीट देतात, पण सगळ्यांच्या वेबसाइटवर ती सापडतेच असं नाही. कधी फोनच करावा लागतो.

दिवस पहिला : मुंबई ते गुवाहाटी

जादा सीटचं तिकीट निघतं तेव्हा आडनाव आपलंच असतं आणि नावाच्या जागी ‘ईएक्सएसटी’ अशी अक्षरं येतात. ‘एक्स्ट्रा सीट’चं ते लघुरूप. जावेनं ती अक्षरं सलग वाचली आणि तिथल्या तिथे बारसं करून टाकलं, एक्स्टबाई.

पुतण्यानं आदल्या रात्री वेब चेक-इन केलं आणि मशीननं मला दिली १४ए, एक्स्टबाईंना २२ई. एक अंग चौदाव्या रांगेत, दुसरं बाविसाव्या. विमानतळावर काउंटरवरच्या मुलानं दोन्ही नावं पाहिली, मग माझ्या मागे पाहिलं.

“मॅम, दुसऱ्या पॅसेंजर कुठे आहेत?”

“मीच.”

“नाही, या दुसऱ्या.”

“त्याही मीच.”

त्याला हसावं की नाही कळेना. त्यानं वरिष्ठ बाईंना बोलावलं, त्यांनी आणखी कुणाला फोन लावला. पस्तीस मिनिटं आम्ही काउंटरला टेकून उभ्या. मागच्या रांगेतले एक काका मोठ्यानं म्हणाले, “काय प्रॉब्लेम आहे एवढा?” मी वळून सांगितलं, “रुंदीचा.” काका गप्प झाले. शेवटी १४ए, १४बी आणि जावेची १४सी अशी सलग रांग हातात पडली.

यातून शिकलेलं सांगते. जादा सीट घेतली असेल तर घरून चेक-इन करण्याच्या फंदात पडू नका. दोन्ही सीट शेजारी-शेजारी आहेत हे आधी फोनवर पक्कं करा आणि विमानतळावर अर्धा-पाऊण तास लवकर जा. गेटवर दोन्ही बोर्डिंग पास स्कॅन करून घ्या. आम्ही एकच केला. परिणाम असा की आम्ही ऐसपैस बसल्यावर एअर होस्टेस हातातला कागद घेऊन डोकी मोजत आली आणि एक डोकं कमी भरलं. एक्स्टबाई गेटवरच राहिल्या होत्या. जाऊ तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे बघत बसली, आणि खिडकी तर माझ्या बाजूला होती.

आता बेल्टबद्दल. दहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा विमानात बसले, चेन्नईला. बेल्ट लागेना. मागायची इतकी लाज वाटली की दोन्ही टोकं पदराखाली मुठीत धरून बसले आणि बेल्ट लावल्याचं सोंग केलं. उतरताना तळहातांवर बकलाचे वळ होते. कुणी पाहिलं नाही याचा तेव्हा आनंद झाला होता. ब्रेक जोरात लागला असता तर काय झालं असतं, हा विचार घरी आल्यावर आला.

या वेळी दारात नमस्कार करणाऱ्या मुलीलाच सांगितलं, “सीट बेल्ट एक्स्टेंडर हवाय, चौदा ए.” तिनं मान हलवली आणि दोन मिनिटांत आणून दिला. बेल्टचाच एक तुकडा, एका टोकाला बकल, दुसऱ्या टोकाला पट्टी. मी मोजला, साधारण दोन फूट. पैसे लागत नाहीत. मांडीवरच्या बाळासाठी मिळणारा बेल्ट दिसायला बराचसा असाच असतो, पण त्याला मधे फास असतो. चुकून तो आला तर बदलून मागा. बाजारात मिळतो तो एक्स्टेंडर विकत घेऊन नेऊ नका, बहुतेक कंपन्या स्वतःचाच वापरू देतात.

सगळे स्थिरस्थावर झाल्यावर पर्समधून टेप काढली. खुर्चीच्या हातापासून हातापर्यंत पावणेअठरा इंच. मधला हात वर केला की दोन खुर्च्या मिळून साडेसदतीस. त्यात माझे २१ बसून साडेसोळा उरले. एक्स्टबाई तशा बारीकच.

सीट निवडताना पहिली रांग टाळा. पाय पसरायला जागा दिसते, पण तिथे समोर खुर्ची नसल्यामुळे जेवणाचा ट्रे हातातच बसवलेला असतो. त्यामुळे हात जाड असतो आणि वर होत नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेतही बसू नका, एक्स्टेंडर लागणाऱ्याला तिथे बसवतच नाहीत. मला खिडकी बरी वाटते. एका बाजूला भिंत असते आणि ती तक्रार करत नाही. कडेच्या सीटवर बसलात तर ट्रॉलीचा कोपरा दंडाला लागणार हे धरून चला, पण तिथली एक गंमत सांगते. बाहेरचा हात हलत नाही असं आपण समजतो, तरी पुष्कळ विमानांत त्याच्या खालच्या अंगाला, बिजागरीजवळ एक छोटी कळ असते. ती दाबली की तोही वर जातो. उठता-बसताना फार सोय होते. जावेनं ती चाचपून शोधून काढली आणि पुढच्या तीन तासांत उगाचच चार वेळा दाबली.

गुवाहाटीला उतरून गावात पोचेपर्यंत पावणेपाच झाले आणि बाहेर चक्क दिवे लागलेले. घड्याळ आपलंच, सूर्य मात्र त्यांचा. नोव्हेंबरात इथे साडेचारच्या सुमाराला मावळतो. दुपारच्या चहाच्या वेळी रात्र झाल्यानं आम्ही दोघी उगाच दमल्यासारख्या झालो आणि साडेसातला जेवून घेतलं.

जेवणाच्या ठिकाणी हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. या खुर्च्या माझ्या विमानापेक्षा जुन्या वैरिणी. बसता येतं, पण उठताना त्या बरोबर येतात. बिनहाताची मागितली, पोऱ्यानं स्टूल आणलं. थाळीत खार, आलू पिटिका, मासोर टेंगा. खार म्हणजे केळीच्या सालींची राख पाण्यात गाळून त्या पाण्यात शिजवलेली भाजी. पहिल्या घासाला सोड्याची आठवण झाली, तिसऱ्या घासाला आवडली. पिटिका म्हणजे आपलं बटाट्याचं भरीतच, वर कच्चं मोहरीचं तेल. टेंगा हे माशांचं आंबट पातळ कालवण. त्यात घातलेलं फळ ओळखीचं वाटलं म्हणून विचारलं, तर ते ‘ओउ टेंगा’. कोकणात ज्याला करमळ म्हणतात तेच. आजोळी ते कुणी विचारायचंही नाही.

दिवस दुसरा : सुआलकुची

खरं तर मी आसामला आले ती या गावासाठी. गुवाहाटीपासून तीसेक किलोमीटर, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर. टॅक्सीवाला पन्नाशीचा, मला ‘बाइदेउ’ म्हणायचा, म्हणजे ताई. सराईघाटच्या पुलावर त्यानं गाडी हळू केली आणि खाली बोट दाखवून १६७१ ची लढाई सांगितली. आहोम सेनापती लचित बरफुकननं इथेच मोगलांचं आरमार हरवलं. मोगलांचा सेनापती राजा रामसिंह. नाव ऐकून मी ताठ बसले. मिर्झाराजे जयसिंगांचा हा मुलगा. आग्र्याला महाराज याच्याच देखरेखीखाली होते आणि त्याच्याच हातून निसटले. मी ते मोडक्या हिंदीत सांगितलं. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “म्हणजे तुमच्याकडून हरून आमच्याकडे आला.” दोन्ही बाजूंनी समाधान झालं.

गावात शिरलं की आधी आवाज येतो. घराघरांतून मागाची खटखट, कुठे सावकाश, कुठे घाईची. एका घरात आम्हाला सहज आत घेतलं. विणणारी बाई माझ्याच वयाची. मुगा रेशमाचं ताणं लावलेलं होतं. सोनेरी रंग दिला असेल असं वाटतं, पण तो त्या धाग्याचा अंगचाच. हा किडा सोम आणि सोआलू या झाडांच्या पानांवर पोसला जातो. २००७ मध्ये मुग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचं ते एरी. तिनं माझ्या तळहातावर एरीची लड ठेवली. लोकरीसारखी ऊबदार होती ती.

धोटा कसा फेकतात ते तिनं दाखवलं, मी बसून बघू का विचारलं. मागाची बसायची फळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी बसले तरी दोन्हीकडे जागा उरली. असं फार दिवसांनी झालं.

मग तिनं मेखला आणली. मेखला-चादर हे तिथल्या बायकांचं वस्त्र. मेखला कंबरेखाली, चादर वरून. मी आपली सवयीनं टेप काढली तर ती हसायला लागली. मेखला म्हणजे कापडाची सरळ नळी, उभी एकच शिवण. ना नाडी, ना डार्ट, ना चेन. मी नळीचा घेर मोजला, ७२ इंच. तिनं ती माझ्या डोक्यावरून खाली सोडली, उरलेलं कापड उजवीकडे दुमडलं, एक मोठी चुणी खोचली आणि झालं. मग तीच मेखला माझ्या चवळीच्या शेंगेसारख्या जावेला नेसवली. दोन-तीन घड्या जास्त, बाकी काही फरक नाही. आपल्या साडीच्या निऱ्या डावीकडे वळतात, यांच्या उजवीकडे, एवढं सोडलं तर मला ते पाच मिनिटांत जमलं. एकतीस वर्षं मापं घेतली, आणि इथे ही बाई माप न घेता दोघींना एकच वस्त्र नेसवून मोकळी.

मुगा परवडणारं नव्हतं. मी सुती मेखला-चादर घेतली, जावेनं एरीची शाल. विणणाऱ्या बाईनं निघताना तामोल-पान दिलं. तिथली सुपारी ओली आणि भलतीच कडक असते. मला कानाखाली घाम फुटला. सवय नसेल तर तुकडा लहान घ्या.

दिवस तिसरा : शिलाँगकडे

शंभर किलोमीटरचा घाट. शेअर सुमो स्वस्त पडते, पण मधल्या सीटवर चौघं बसवतात. आम्ही पूर्ण टॅक्सी केली. नोंगपोहला अननस खाल्ला. उमियमचा तलाव वरून बघितला. शिलाँगला पोचलो तेव्हा हवा एकदम महाबळेश्वरसारखी झालेली. संध्याकाळी पोलीस बाजारात पुखलेन खाल्ले. तांदळाचं पीठ आणि गूळ, तळलेले. आपल्या घारग्यांचे चुलतभाऊ.

रस्त्यावरच्या खासी जमातीच्या बायका ‘जैनसेम’ घालतात. दोन लांब कापडं, एक या खांद्यावर अडकवलेलं, दुसरं त्या. तेही मापाशिवायच. जाऊ म्हणाली, “ताई, इकडे राहिलात तर तुमचा धंदा बसेल.”

दिवस चौथा : सोहरा

सोहरा म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी. आम्ही गेलो तर आकाश कोरडं ठणठणीत. नोहकालिकाईचा धबधबा ३४० मीटर उंच, पण नोव्हेंबरात त्याची बारीक वेणी झालेली. खाली पडतं ते पाणी मात्र निळं-हिरवं, बघत बसावं असं.

मग मौसमाईची गुहा. चुनखडीची, आत दिवे लावलेले. सगळे सांगत होते की छान आहे. मी तिकीट काढलं. पहिला भाग मोठ्या दिवाणखान्यासारखा. पुढे वाट अरुंद होत गेली. एका जागी आडवं होऊन, एक पाय आधी टाकून सरकावं लागतं. समोरून बारीक पोरं सुळसुळ निघून जात होती. मी आडवी झाले. आडवी होऊन माझं माप फारसं बदलत नाही, हे मी मुंबईत लक्षात घ्यायला हवं होतं. पोट गार खडकाला टेकलं, पाठीलाही खडक लागला. जाऊ पलीकडून हात देत होती. मी दोन क्षण तशीच थांबले. भीती वाटत नव्हती, हिशेब चालला होता. मग म्हटलं, “तू जा. मी बाहेर भेटते.”

परत फिरताना मागच्या वीस-पंचवीस माणसांना बाजूला व्हावं लागलं. एक तरुण वैतागला. ते खरंच जाचलं, विमानतळावरच्या काकांपेक्षा जास्त. तिथे मी पैसे भरून जागा घेतली होती. इथे तसं काही म्हणता येत नव्हतं. तिकिटाच्या खिडकीवर या अरुंद जागेबद्दल एक पाटी असती तर बरं झालं असतं. तुमचा बांधा मोठा असेल, किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर पहिला दिवाणखाना बघून परत या.

बाहेर चहाची टपरी होती. चालवणारी आजी सत्तरीची असावी, सगळे तिला ‘काँग’ म्हणत होते. ताईसारखंच आदराचं संबोधन. टपरीसमोर बसायला मोडे, म्हणजे बांबूची बुटकी स्टुलं मांडलेली. काँगनं मला येताना पाहिलं, माझ्या पुढ्यातला मोडा पायानं बाजूला सरकवला आणि आतून लाकडी बाकडं ओढत आणलं. ते फडक्यानं पुसलं. एक शब्द बोलली नाही. मग बिनदुधाचा लाल चहा दिला आणि पुथारो. तांदळाचं, वाफवलेलं, आपल्या आंबोळीसारखं. मी तीन खाल्ले. तिला हिंदी जेमतेम येत होतं, मला खासी एक शब्द नाही. तिनं माझ्या गळ्यातल्या टेपकडे बोट दाखवलं. सवयीनं पर्सऐवजी गळ्यात अडकवली गेली होती. मी सुई-दोरा ओढल्याचा अभिनय केला. तिनं जैनसेमचा खांदा उचलून दाखवला, तिथे पीळ घालून बसवलेली साधी पिन. आम्ही दोघी त्या पिनेवर बराच वेळ हसलो.

जाऊ गुहेतून बाहेर आली तोवर मी संत्र्यांची एक पिशवी विकत घेतली होती. खासी संत्री या दिवसांत येतात. साल सैल, हात लावला की सुटते. काँगनं पैसे घेतल्यावर वरून आणखी पाच टाकली.

दिवस पाचवा : घरी

शिलाँगचा विमानतळ उमरोईला, गावापासून तासाभरावर. तिथून कोलकात्यापर्यंत छोटं, पंख्याचं विमान होतं, एटीआर. आत दोन-दोन खुर्च्या, मधे वाट, चढायचं मागच्या दारानं. इथे मी जादा सीट घेतली नव्हती, शेजारी जाऊच असणार होती.

बसलो, एक्स्टेंडर लावला, मधला हात वर केला. तेवढ्यात एअर होस्टेस आली. “मॅम, तुम्ही दोघी पुढे येऊ शकाल का? वजनाच्या समतोलासाठी.”

माझे कान तापले. सगळं विमान ऐकतंय असं वाटलं. मी काही बोलणार, तर ती तेच वाक्य मागच्या रांगेतल्या एका काटकुळ्या जोडप्याला म्हणाली, मग आणखी तिघांना. छोट्या विमानात पुढची आसनं रिकामी राहिली तर माणसं सरकवावीच लागतात. वजनाचा हिशेब बहुधा प्रत्येक प्रवाशाचं एक ठरीव सरासरी वजन धरून करतात, तुमचं-माझं खरं वजन त्यांना ठाऊक नसतं. ही सरासरी काढायला एअर न्यूझीलंडनं २०२३ मध्ये ऑकलंडहून परदेशी निघालेल्या प्रवाशांना काट्यावर उभं केलं होतं, आकडा कुणाला न दाखवता. हे मला पुतण्यानं नंतर सांगितलं. तेव्हा माहीत असतं तर पाचव्या रांगेपर्यंत जरा कमी अवघडून चालले असते.

कोलकात्याला सामान घेऊन पुन्हा जमा करण्यात वेळ गेला. तिकिटं वेगळ्या कंपन्यांची होती. पुढचं विमान बोइंग ७३७. टेप काढली, १७ इंच. एअरबस ए३२० आतून ३.७० मीटर रुंद असतं आणि हे ३.५४. सोळा सेंटिमीटर सहा खुर्च्यांत वाटा, माणशी इंचभर कमी. लठ्ठ माणसानं तिकीट काढताना विमानाचं नाव बघावं, कुठलं आहे ते तिथेच बारीक अक्षरांत दिलेलं असतं. या वेळी मात्र एक्स्टबाई रीतसर स्कॅन होऊन, माझ्या शेजारी हजर होत्या. त्यांना जादा सामान मिळेल असा माझा समज होता, तो काउंटरवर दूर झाला. संत्र्यांची पिशवी त्यामुळे हातातच राहिली.

ती मी मधल्या सीटवर ठेवली. एअर होस्टेस म्हणाली, उड्डाण होईपर्यंत खाली ठेवा. खाली ठेवली. बेल्टची खूण विझल्यावर परत वर घेतली. जावेनं एक सोललं. दोन मिनिटांत आजूबाजूच्या तीन-चार रांगांत वास पोचला आणि पुढच्या खुर्चीवरून चार-पाच वर्षांच्या मुलीनं डोकं वर काढलं. तिनं आधी संत्र्याकडे पाहिलं, मग मधल्या रिकाम्या जागेकडे.

“इथे कोण बसलंय?”

“एक्स्टबाई,” जाऊ म्हणाली.

मुलीनं थोडा विचार केला आणि हात पुढे केला. “मग त्यांची फोड मला द्या.”